भवानीच्या आधीचं 'हॅपी टू कम'

अण्णा, लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलताहेत. तेराव्याला निम्मी मंडई जेवून गेली आणि हात धुता धुता जो तो हेच म्हणाला, अण्णांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. मी पत्रावळी गोळा करत होते. मनात आलं, हाच तर सगळा घोळ आहे.

मी तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तुम्ही असताना चिडले की तुम्ही म्हणायचात, "आधी चहा पी, मग चीड." चहा पिऊन होईपर्यंत राग उतरायचा आणि भांडण अर्धंच राहायचं. आता तो चहा नाही, तर भांडण पुरं होऊ द्या.

तुमच्या कसब्यातल्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला आले, तेव्हा पहिल्याच वाक्यात तुम्ही मला गार केलं होतं. "गाव कुठलं?" मी म्हणाले, हिंगोलीकडचं. "कडचं म्हणजे? हिंगोलीच्या अलीकडं, का हिंगोलीकडं पाठ करून?" मला वाटलं, खोली गेली. घरापासून इतक्या लांब आलेली मुलगी, आठवीनंतर शाळा सुटलेली, कुणी आवाज चढवला तरी चार पावलं मागं सरायची. तुम्ही किल्ली पुढं केली आणि म्हणालात, "नळाला पाणी पहाटे येतं. झोपाळू असशील तर बिनपाण्याची राहशील." पुण्यात माया अशीच करतात, हे कळायला मला पुढं बरेच दिवस लागले.

स्टेशनजवळच्या हॉटेलात मी तेव्हा खोल्या झाडायचे. मग तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, तुझा आवाज बरा आहे, रात्री फोनवर बस. खोल्यांमधले पाहुणे फोन करणार, मी इंग्रजीत उत्तर देणार. त्यांनी मला तयार वाक्यं पाठ करायला लावली. हॅपी टू हेल्प. सॉरी टू हिअर. ग्लॅड टू नो. प्लीज्ड टू इन्फॉर्म. आधी आपल्याला काय वाटतंय ते सांगायचं, मग टू, मग काम. वाटत काहीही असो. मला ताप भरायची वेळ आली. सकाळी पाळी संपवून परत येताना मंडईत तुमच्या गाळ्यावर टेकले आणि रडतच सांगितलं की मी नोकरी सोडते.

"का? समोरचा फोनातून हात घालून मारणार आहे?"

"इंग्रजी येत नाही, अण्णा. आठवी झालीये नुसती."

"माझी सातवी. रोज प्रोफेसरांना लिंबं विकतो." तुम्ही मिरचीच्या ढिगावर पाणी शिंपडलंत, हात पुसले आणि एक लिंबू कानाला लावलंत. "हॅलो. टू झिरो फोर. वॉटर कोल्ड."

मी डोळे पुसले.

"अगं बोल. पाहुणा तापलाय."

"सॉरी टू हिअर दॅट, सर. हॅपी टू हेल्प यू."

"हॅपी? माझं पाणी गार आणि तू हॅपी?"

शेजारच्या गाळ्यावरचे लोक हसले, मीसुद्धा हसले. त्या दिवसापासून तुम्ही रोज सकाळी दोनशे चार नंबरची खोली झालात. कधी तुमची चादर मळकी असायची, कधी शेजारच्या खोलीतला माणूस घोरायचा. एकदा तर तुम्ही मराठीतच ओरडलात, "तुमच्या हॉटेलात लिंबू-सरबतात लिंबू नसतं," आणि मी इंग्रजीत माफी मागितली. खरे पाहुणे तुमच्यासमोर फार सौम्य निघाले. मी आज त्या फोनवर पक्की आहे, ती त्या लिंबामुळे. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर म्हणाला असतात, "मग लिंबाला हार घाल."

मग एक दिवस तुम्हीच म्हणालात, "एवढंच असतं का सगळं? आधी तोंडाचा भाव, मधे टू, मग काम?"

"बहुतेक एवढ्यावर भागतं."

"मग मला पण शिकव."

कशासाठी, ते मला माहीत होतं. तुमची लेक नीलमताई कॅनडात. ताईंचा ईशान सात वर्षांचा. त्यांच्याकडं झोपायची वेळ झाली की इथं तुमची गाळा मांडायची वेळ. तो रोज झोपायच्या आधी आजोबांना बघायचा, तुम्ही आल्याच्या टोपलीला फोन टेकवून ठेवायचात. पूर्वी तो मराठी बोलायचा. शाळेत जायला लागला तशी त्याची मराठी आटत गेली. तुम्ही विचारायचात, "जेवलास का रे?" तो म्हणायचा, "येस." बास. मग दोघं एकमेकांकडं बघत बसायचात, मिरचीचा ढीग नीट होईपर्यंत.

तुम्हाला माझी हॉटेलातली वाक्यं आवडली नाहीत. "ही सगळी 'मी खूश, मी दुःखी'. मला कोण विचारतंय? मालाचं बोलू." आणि तुम्ही मालाचं बोलायला लागलात. लेमन इज इझी टू स्क्वीझ. जिंजर इज डिफिकल्ट टू क्लीन. चिली इज डेंजरस टू टच. तिकडून ईशान उशीत तोंड खुपसून हसायचा. मग त्यानं सुरू केलं. ब्रोकोली इज हॉरिबल टू ईट. मम्मा इज इम्पॉसिबल टू वेक. तो फोनसमोरून पळाला की तुम्ही ओरडायचात, "ईशान इज हार्ड टू कॅच." मंडईतला हमालसुद्धा ते म्हणायला लागला होता. तुमच्या एवढ्याशा इंग्रजीवर तुम्ही नातवाला परत मिळवलंत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जळफळाट होतो तो याच्या पुढचं आठवून.

पुढचं म्हणजे तुमची भवानी. दिवसाची पहिली विक्री होईपर्यंत तोंडातून 'नाही' काढायचं नाही, हा तुमच्या वडिलांपासूनचा नियम. गिऱ्हाइकानं तोंडली मागितली, तुमच्याकडं जन्मात तोंडली नव्हती, तरी तुम्ही म्हणायचात, "येतील की, टेम्पो वाटेतच आहे." उधारी मागणाऱ्याला म्हणायचात, "देऊ की, जरा उजाडू द्या." पहिली विक्री झाली, की मग तुमच्याइतका फटकळ माणूस त्या दगडी इमारतीत दुसरा नव्हता. हल्ली लोक फोननं पैसे देतात, तर तो बोलणारा डबा 'रुपये मिळाले' म्हणाला की तुम्ही डबाच कपाळाला लावायचात. मी विचारलं होतं, "अण्णा, लक्ष्मी डब्यात असते का?" तुम्ही म्हणालात, "बँकेत असते. हा तिचा पोस्टमन."

नीलमताईंचं वर्षभर चाललं होतं, गाळा कुणाला तरी चालवायला द्या आणि इकडं या. व्हिसासुद्धा त्यांनी काढून ठेवला होता. आधी सहा महिने या, मग पुढचं बघू. 'पुढचं बघू' म्हणजे काय, हे मंडईतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला जायचं नव्हतं. मला तुम्ही सरळ सांगितलं होतं, "इथं मी एक दिवस दाढी केली नाही तर चार जण विचारतात, काय अण्णा, बरं नाही का. तिथं माझी दाढी कोण बघणार?" ताईंना मात्र तुम्ही नुसतं "बघू, बघू" करत होतात.

मग उन्हाळा लागता लागता ती सकाळ आली. मी तुमच्या शेजारी पोत्यावर बसून चहा पीत होते. ईशाननं विचारलं, "आजोबा, मम्मा सेज यू डोंट वॉन्ट टू कम. आर यू हॅपी टू कम, ऑर नॉट हॅपी टू कम?"

तुमच्याच खेळातलं वाक्य. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग रिकाम्या गल्ल्याकडं बघितलंत. एकही गिऱ्हाईक झालं नव्हतं.

"हॅपी टू कम," तुम्ही म्हणालात.

पोरगं पलंगावर उड्या मारायला लागलं. ताईंनी फोन घेतला, त्या रडत होत्या. संध्याकाळपर्यंत पावसाळ्यानंतरचं तिकीट आलं. आणि तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलात. एका बाईंना म्हणालात, "कोथिंबीर घ्यायची तर घ्या, तिची मुलाखत नका घेऊ."

इथून माझं भांडण सुरू होतं. मी तुम्हाला त्याच दिवशी म्हणाले होते, "अण्णा, रात्री तुम्हीच फोन करा. तिकडं सकाळ असेल, इकडं तुमची भवानी कधीच झालेली असेल. सांगून टाका."

"सांगू की."

"अण्णा, आत्ता भवानी झालीये. माझ्याशी तरी 'सांगू की' म्हणू नका."

मग आपण जिन्यात बसून तयारी केली. आय ॲम नॉट रेडी टू कम. आय ॲम सॉरी टू से. तुम्हाला ते सगळं यायचं, जिन्यात अगदी खणखणीत यायचं. शेजारच्या काकू एकदा डोकावून म्हणाल्या, "कुठं निघालात अण्णा?" तुम्ही म्हणालात, "कुठंच नाही, तेच पाठ करतोय." पण फोन लावायची वेळ आली की तुम्हाला दुसरं काहीतरी आठवायचं. गॅस संपलाय. चष्मा सापडत नाही. ताई कामावर निघाल्या असतील.

शेवटी मी आवाज चढवला. पहिल्यांदाच. "तुम्ही मला रोज दमात घेऊन बोलायला शिकवलंत आणि स्वतः घाबरता?"

तुम्ही बराच वेळ पायरीवरचा लिंबाचा डाग अंगठ्यानं खरवडत बसलात. मग म्हणालात, "हे बघ. मराठीत मी नाही म्हणतो ते शंभर ठिकाणी फिरवून. गिऱ्हाइकाला कळतं, पण लागत नाही. तुझ्या इंग्रजीत फिरवायला गल्लीच नाही. एवढंसं पोर, त्याच्या तोंडावर सरळ नॉट हॅपी म्हणू? मला ते जमायचं नाही, रेखा."

"मग जाणार आहात का?"

"चहा टाक."

हे आपलं शेवटचं भांडण. चहा टाकला, प्यायलात, कप विसळून पालथा घातलात. त्यानंतर तुम्ही रोज सकाळी ईशानला म्हणत राहिलात, हॅपी टू कम, हॅपी टू कम. तो बर्फाबद्दल बोलायचा, तुम्ही मान हलवायचात. तुमची बॅग पलंगाखाली रिकामी. मी बघून बघून चरफडायचे. आणि मग एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलं नसेल. लोकांना ते ऐकून बरं वाटलं. मला नाही वाटलं. मी मनात म्हटलं, सुटलात.

हॉटेलात रजा सांगायला फोन केला तर पलीकडून तेच आलं, "सो सॉरी टू हिअर." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. गार कॉफीला जो सूर लावतात, तोच. ती मुलगी चांगली आहे, तिनं माझ्या दोन पाळ्या उचलल्या. पण मला वाटलं, फोन भिंतीवर मारावा. इतकी वर्षं मी रात्ररात्र सॉरी आणि हॅपी वाटत होते, आणि माझ्या घरचं माणूस गेलं तेव्हा घासून गुळगुळीत न झालेला एक शब्द मिळेना. नीलमताईंना कळवायला फोन मीच लावला. मराठीतच बोलले. तरी "ताई, अण्णा" एवढ्यावरच थांबले. पुढचं त्यांना कळलं.

ताई एकट्याच आल्या, ईशान बाबांजवळ राहिला. दिवस झाल्यावर शेजारचे गाळेवाले म्हणाले, गाळा असा बंद ठेवू नका, घरच्या कुणीतरी एकदा उघडून भवानी करा, मग काय ते ठरवा. त्यांनीच थोडी लिंबं, थोडी मिरची मांडून दिली. ताई म्हणाल्या, "रेखा, तू चल बरोबर, मला भावसुद्धा माहीत नाहीत." तर परवा सकाळी आम्ही दोघी तुमच्या जागेवर बसलो होतो. ताई तुमच्या पाटावर, मी माझ्या पोत्यावर.

आणि नेमका त्या वेळी ईशानचा फोन आला. ताईंनी तो टोपलीला टेकवला, तुमच्यासारखाच. पोरगं मागचा मिरचीचा ढीग बघत राहिलं. मग त्यानं विचारलं, "मम्मा, वॉज आजोबा रिअली हॅपी टू कम?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. "तूच सांग त्याला. रोज इथं तूच असायचीस." आणि मग हळूच म्हणाल्या, "मलाही ऐकायचंय."

अण्णा, 'येस' माझ्या जिभेवर तयार होतं. ही वॉज व्हेरी हॅपी टू कम. रात्रीतून दहा वेळा म्हणते असलं काहीतरी, एकदा अजून म्हणायला काय लागतं? नाहीतर काय सांगू? ताई, तुमचे वडील वर्षभर तुम्हाला फिरवत होते? मी त्यांच्या खोलीत राहते. ताई गाळा विकणार, उद्या घर विकणार, मी कुठं जाणार? मी गल्ल्याकडं बघितलं. रिकामा होता. आणि मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू. 'नाही' म्हणायला मलाही तुमचाच नियम आडवा आला होता.

"ईशान, प्लीज होल्ड," मी म्हणाले. हॉटेलात म्हणतात तसं.

एक आजोबा कापडी पिशवी घेऊन समोर उभे होते. त्यांनी एक लिंबू उचललं. "ही लिंबं आहेत का बोरं?"

"रसाळ आहेत, आजोबा."

"पिळून दाखवता?"

"घरी पिळून बघा. रस कमी निघाला तर परत आणा."

"आणि परत यायची रिक्षा कोण देणार, तुम्ही?"

"बघू की," मी म्हणाले. ताईंनी चमकून माझ्याकडं बघितलं.

त्यांनी एकेक लिंबू नाकाला लावून निवडलं. पोरगं फोनमध्ये थांबलेलं, त्याच्या झोपेची वेळ टळून चाललेली. आजोबांनी चष्मा काढला, फोन काढला, चष्मा परत लावला. शेवटी एकदाचा तो डबा बोलला. मी डबा उचलून कपाळाला लावला आणि फोन हातात घेतला.

"ईशान, आर यू देअर?"

"येस."

"नो, बेटा. ही वॉज नॉट हॅपी टू कम. ही वॉज अफ्रेड टू टेल यू."

त्यानं विचारलं, "व्हाय अफ्रेड? आय ॲम ओन्ली सेव्हन."

याचं उत्तर माझ्याकडून कुणी पाठ करून घेतलेलं नाही, अण्णा. तुम्हीसुद्धा नाही. मग त्यानंच विचारलं, "वॉज ही हॅपी टू टॉक टू मी?"

"एव्हरी डे," मी म्हणाले. "बिफोर एनी कस्टमर."

तो म्हणाला, "ओके." आणि झोपायला गेला. एवढंच, अण्णा. जे सांगायला तुम्हाला उन्हाळा पुरला नाही, त्याला त्या पोरानं ओके म्हटलं आणि पांघरूण ओढून घेतलं.

ताई कितीतरी वेळ लिंबं एकसारखी लावत बसल्या. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"भवानी झाली नव्हती, ताई."

ताई तुमच्याच पोटच्या. त्यांना अर्थ विचारावा लागला नाही. आधी नाकातून हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "आणि संध्याकाळी? संध्याकाळी काय झालं होतं?"

"ते मीपण रोज विचारायचे."

"मग?"

"मग चहा टाकायला लावायचे."

त्या म्हणाल्या, "मला आईच्या दागिन्यांचं पण असंच दहा वर्षं 'बघू' केलंय त्यांनी." मग तुमच्यावर आम्ही दोघी मिळून चिडलो. तुम्हाला सांगते, फार बरं वाटलं. एकटीनं चिडण्यापेक्षा ते पुष्कळ हलकं असतं. माझ्या खोलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. ती काळजी आहेच. पण ती माझी मी विचारीन, सरळ विचारीन, संध्याकाळी बसून. तुमच्यासारखी चष्मा शोधत बसणार नाही.

तेवढ्यात एक बाई आल्या. "आलं आहे का हो?"

आल्याची टोपली समोरच होती, फोन टेकवायची. रिकामी. ताईंनी माझ्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हणाले.